वणव्याच्या कामीं ड्रोन: डोळा कीं हात?

माघ महिना सरत आला कीं सह्याद्रीच्या दोन्ही अंगांस गवत पिवळें पडून करकरीत वाळतें, आणि रात्रीं अंगणांत उभें राहून डोंगराकडे पाहणाऱ्या शेतकऱ्याच्या मनांत एकच धास्ती असते. कोठें तरी तांबडी रेघ दिसूं लागली कीं ती कोणत्या बाजूस सरकत आहे, आपल्या बागेस ती केव्हां पोंचेल, माणसें किती गोळा होतील, हाच विचार त्या घरांत चालतो. ह्या जुन्या संकटाविषयीं आज लिहिण्यास कारण असें घडलें कीं, नुकत्याच भरलेल्या एका कृषिप्रदर्शनांत एका विक्रेत्यानें आपल्या ड्रोनमधून जळत्या पेंढ्याच्या ढिगावर पाणी पाडून दाखविलें. ढीग विझला, जमलेल्या मंडळींनीं टाळ्या वाजविल्या, आणि आमच्या कांहीं सभासदांनीं तेथल्या तेथें आम्हांस विचारलें कीं, आपल्या संघानें असें एक यंत्र घेतलें तर वणव्याची चिंता मिटेल कीं नाहीं? प्रश्न सद्धेतूचा आहे, आणि त्याच्या उत्तरावर संघाचा पैसा व सभासदांच्या बागा दोन्ही अवलंबून आहेत. म्हणून तें उत्तर मोघम न देतां सविस्तर देणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों.

आमचें मत आरंभींच सांगतों. वणव्याच्या कामीं ड्रोन हा डोळा आहे, हात नव्हे. डोळा म्हणून तो घ्यावा, आणि तोही गांवचे हात तयार असतील तरच घ्यावा. हात म्हणून तो घेतल्यास पैसाही जाईल आणि बागही जाईल.

वणव्यानें आपलें काय जातें हें वाचकांस निराळें सांगावयास नको. तथापि हिशेब एकदां मांडलेला बरा. गवत जळालें तर गुरांची पावसाळ्यापर्यंतची वैरण गेली. काजूच्या बागेंतून आग गेली तर त्या सालचें पीक तर जातेंच, परंतु बुंध्याची साल भाजल्यानें पुष्कळदां झाडही हातचें जातें. हापूसचें कलम धरतें होण्यास कित्येक वर्षें लागतात आणि तें जाळण्यास एक दुपार पुरते. शिवाय हा तडाखा नेमका झाडावर मोहोर किंवा फळ असतांना बसतो. डोंगरउतारावरचें गवत व पालापाचोळा नाहींसा झाला कीं मृगाचा पाऊस उघड्या मातीवर आदळतो, आणि वरची कसदार माती ओढ्यावाटे वाहून जाते. भारतीय वनसर्वेक्षण संस्थेच्या २०१९ सालच्या अहवालाप्रमाणें देशांतील ३६ टक्क्यांहून अधिक वनाच्छादनास वारंवार वणवे लागण्याचें भय आहे. तेव्हां हें संकट एका गांवाचें किंवा एका तालुक्याचें नव्हे.

आतां पाण्याचा हिशेब पाहूं. पिकांवर औषध फवारणाऱ्या नेहमींच्या ड्रोनची टांकी सुमारें १० लिटरांची असते. म्हणजे एक घागर पाणी. टांकी भरलेली असतां कांहीं मिनिटांतच बॅटरी बदलण्यासाठीं तो खालीं उतरवावा लागतो. पेंढ्याचा ढीग जागच्या जागीं जळतो. वणवा धांवतो, आणि त्याची आघाडी शेंकडों हात रुंद असते. तिच्यावर घागरभर पाणी शिंपडणें म्हणजे तापलेल्या तव्यावर थेंब टाकण्यासारखेंच आहे. अमेरिकेंत लॉस एंजेलिस शहराजवळ जानेवारी २०२५ मध्यें जे भयंकर वणवे लागले, त्यांवर समुद्राचें पाणी उचलून टाकणारीं सुपर स्कूपर जातीचीं विमानें वापरण्यांत आलीं. असें एक विमान एका खेपेस सुमारें ६,००० लिटर पाणी नेतें. तेवढें पाणी नेण्यास आपल्या फवारणीच्या ड्रोनला ६०० फेऱ्या कराव्या लागतील. आणि एवढीं बलाढ्य विमानें असूनही ७ जानेवारीच्या रात्रीं वारा असा सुटला कीं विमानें व हेलिकॉप्टरें जमिनीवरच ठेवणें भाग पडलें. आपल्याकडे उत्तराखंडांत २०१६ व २०२४ सालीं वायुदलाच्या हेलिकॉप्टरांनीं मोठ्या बादल्या टांगून जंगलावर पाणी ओतलें, हें अनेकांच्या स्मरणांत असेल. परंतु आकाशांतून पडणारें पाणी आगीचा जोर तेवढा मोडतें. तिला वेढा घालून विझवितात तीं जमिनीवरचीं माणसेंच. ज्यास वणव्याशीं झुंजण्याचा अनुभव आहे असा कोणीही शेतकरी हेंच सांगेल.

मग डोळ्याचा उपयोग काय? तो समजण्यासाठीं वणव्याची चाल समजली पाहिजे. सपाटीवर आग वाऱ्याच्या तंत्रानें चालते. उतारावर ती चढणीच्या बाजूस धांवते, कारण खालची ज्वाळा वरच्या गवतास पेटण्यापूर्वींच तापवून ठेवते. घळ असेल तर ती धुराड्यासारखी ओढ घेते. खालच्या बाजूस मात्र आग सावकाश उतरते. परंतु जळकें लाकूड किंवा दगड गडगडत खालीं गेला कीं तेथें नवी आग उभी राहते, आणि वर चढलेलीं माणसें दोन आगींच्या मध्यें सांपडतात. तामिळनाडूंत थेनी जिल्ह्यांतील कुरंगणीच्या डोंगरावर ११ मार्च २०१८ रोजीं गवताळ उतारावर आगीनें गांठलेल्या पर्यटकांपैकीं वीसांहून अधिक जण मरण पावले. उत्तराखंडांत बिनसरच्या अरण्यांत जून २०२४ मध्यें आग विझविण्यास गेलेल्या वनकर्मचाऱ्यांचेच प्राण गेले. अमेरिकेंतील ॲरिझोना राज्यांत यार्नेल येथें ३० जून २०१३ रोजीं वाऱ्यानें एकाएकीं दिशा पालटली आणि १९ कसलेले अग्निशामक एकाच वेळीं जळून मेले. तीं माणसें जळून गेलेल्या सुरक्षित जागेवरून निघून एका खोलगट दरींत उतरत होतीं, आणि तेथून त्यांस आगीची आघाडी दिसत नव्हती. शौर्य व अनुभव ह्यांत त्यांची कसर नव्हती. त्या घटकेस त्यांस आग दिसत नव्हती, एवढेंच.

जमिनीवरच्या माणसास धुरापलीकडचें आणि टेकडीपलीकडचें दिसत नाहीं. तें दाखविणें हेंच ड्रोनचें खरें काम होय. हल्लीं आपणांस उपग्रहांची मदत मिळते, ही गोष्ट मोलाची आहे. वनसर्वेक्षण संस्था २००४ सालापासून उपग्रहांच्या साहाय्यानें आगीच्या वर्दी वनखात्यास देत आली आहे, आणि आतां नांव नोंदविणाऱ्या नागरिकासही ती वर्दी फोनवर मिळूं शकते. आमच्या प्रत्येक सभासदानें ती नोंद करावी. तींत खर्च कांहींच नाहीं. परंतु उपग्रहाचा डोळा फार उंचावर आहे. ज्या उपकरणावर ही वर्दी आज मुख्यत्वें अवलंबून आहे त्याच्या चित्रांतील एक ठिपका ३७५ मीटर लांब व तितकाच रुंद असतो. म्हणजे सुमारें ३५ एकरांचा. त्या ३५ एकरांत आग कोणत्या घळींत आहे आणि कोणाच्या बागेकडे वळली आहे हें त्यावरून उमगत नाहीं. शिवाय उपग्रह आपल्या वेळेनें डोक्यावरून जातो. दुपारीं तो जाऊन गेल्यावर पेटलेल्या आगीस त्याच्या पुढच्या खेपेपर्यंत मोकळें रान मिळतें.

ही उणीव एक लहानसा ड्रोन भरून काढूं शकतो. उष्णता टिपणारा थर्मल कॅमेरा त्यावर असला तर धुराच्या पडद्याआडची आगीची रेघ चालविणाऱ्यास हातांतल्या पडद्यावर पांढरी स्वच्छ दिसते. आघाडी किती लांब आहे, बगला कोठें मंद पडल्या आहेत, माणसें कोठें लावलीं असतां आग अडेल, आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे आपलीं माणसें परतावयाची वाट मोकळी आहे कीं नाहीं, हें त्यावरून समजतें. रात्रीं व पहांटे हवेंत दमटपणा येऊन वणवा सहसा मंदावतो; तीच त्यास गांठण्याची वेळ. परंतु काळोखांत घसाऱ्यावर माणूस घालणें धोक्याचें, म्हणून आपण ती वेळ पुष्कळदां फुकट दवडतों. थर्मल कॅमेऱ्यास काळोखाची अडचण नाहीं.

आणखी एक काम आम्हांस ह्याहूनही उपयोगाचें वाटतें. आग विझली असें समजून सर्व जण घरीं येतात, आणि दुसऱ्या दिवशीं दुपारीं वारा सुटतांच एखाद्या कुजक्या खोडांत धुमसणारा निखारा पुन्हां डोंगर पेटवितो. एका रात्रींत एकच डोंगर दोनदां झोडपून आलेल्या माणसांस दुसऱ्या दिवशीं पुन्हां उठविणें किती कठीण जातें, हें ज्यानें उठविलें आहे त्यालाच ठाऊक. विझलेल्या रानावरून थर्मल कॅमेरा एकदां फिरविला तर असे दबलेले निखारे एकेक करून दिसतात, आणि मग घागरभर पाणी व चार फावडीं माती त्यांस खरोखर पुरते. पाण्याची घागर येथें कामास येते, आघाडीवर नव्हे.

अमेरिकेंत ड्रोनचा एक वेगळाही उपयोग करतात. पोटॅशियम परमँगनेटनें भरलेल्या लहान गोळ्यांत उडत्या यंत्रांतच ग्लायकॉल टोंचून त्या खालीं सोडतात. क्षणभरानें त्या आपोआप पेटतात, आणि वणव्याच्या वाटेवरचें वाळलें गवत तो येण्यापूर्वींच जाळून टाकतात. हा प्रयोग आपल्या गांवीं करावा असें आम्ही मुळींच सुचवीत नाहीं. तो शिकलेल्या सरकारी पथकांचाच प्रांत आहे. परंतु त्यामागील तत्त्व आपणांस नवें नाहीं. आगीस खावयास कांहीं उरूं न देणें हेंच तें तत्त्व होय, आणि आपल्या जुन्या जाळरेषेचा अर्थ दुसरा काय आहे? बागेच्या चोहों बाजूंस गवत कापून, पाला ओढून, वेळींच जाळून मोकळा ठेवलेला पट्टा ही जगांतल्या सर्व वणव्यांवरची पहिली तोड आहे. जो सभासद मार्गशीर्ष-पौषांत जाळरेषा काढावयास कंटाळतो आणि फाल्गुनांत ड्रोन मागतो, तो तहान लागल्यावर विहीर खणावयास निघाला आहे असें म्हटल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं.

येथवर यंत्राविषयीं झालें. आतां जें बोलणें अप्रिय आहे तें बोलतों. आपल्याकडे वणवा बहुधा आकाशांतून पडत नाहीं. तो माणसाच्या हातून लागतो. कोणी भाताच्या तरव्यासाठीं राब भाजतो आणि आग आवरत नाहीं. कोणी बांधावरचें गवत पेटवून घरीं जेवावयास जातो. गवत जाळलें कीं नवें गवत जोमानें येतें ह्या समजुतीनें कोणी कुरणास कांडी लावतो. कोणी मोहाचीं फुलें वेंचण्यास जागा साफ करतो. कोणी विडीचें थोटूक टाकतो. अग्नि लावणारे सगळे परगांवचे, ही समजूत सोयीची आहे, पण खरी नाहीं. त्यांत आपलेही बंधु आहेत, आणि कधीं काळीं आपणही असूं.

ड्रोनविषयींची खरी कुजबूज येथूनच निघते, ती सभेंत कोणी मोठ्यानें बोलत नाहीं इतकेंच. वरून घेतलेल्या चित्रांत आग कोणाच्या शेतांतून निघाली हें दिसेल. मग तें चित्र कोणाच्या हातीं जाईल? १९२७ च्या भारतीय वन कायद्याप्रमाणें राखीव जंगलास आग लावणें हा गुन्हा आहे, आणि त्याच कायद्याप्रमाणें जंगलांत चराईचा किंवा अन्य हक्क उपभोगणाऱ्यानें वणव्याची वर्दी देऊन तो विझविण्यास हातभार लावणें बंधनकारक आहे. कायदा योग्यच आहे. परंतु मनुष्यस्वभावही विचारांत घेतला पाहिजे. ज्याच्या हातून राबाची आग निसटली, त्यास जर वाटलें कीं वरचा डोळा आपणांस पकडून देण्यासाठींच फिरत आहे, तर तो पहिल्या पांच मिनिटांत हांक मारणार नाहीं. तो विळा खांद्यावर टाकून दुसऱ्या वाटेनें घरीं जाईल. वणव्यांत पहिल्या अर्ध्या तासाला जें मोल आहे तें पुढच्या दोन दिवसांना नाहीं. चार माणसें ओल्या डहाळ्या घेऊन जी आग झोडपून विझवितात, तीच घटकाभरानें चाळीस माणसांस आटोपत नाहीं. तेव्हां चुकलेल्या माणसाचें तोंड बंद करणारा डोळा हा आपल्या बागांचा रक्षक नसून वैरी ठरेल.

म्हणून आमची सूचना अशी कीं, यंत्र घेण्यापूर्वीं संघानें ठराव करावा. जो सभासद आपल्या हातून निसटलेल्या आगीची वर्दी आपण होऊन तत्काळ देईल, त्यास संघानें दंड करूं नये, दूषण देऊं नये, आणि त्याच्या मदतीस सर्वांत आधीं धांवावें. जो लपवील त्याच्याकडून मात्र आग विझविण्याचा खर्च वसूल करावा. कायद्यानें जें कायद्याचें आहे तें कायदा पाहीलच. त्यांत संघास ढवळाढवळ करतां येणार नाहीं, व करूंही नये. तसेंच ड्रोननें घेतलेलीं चित्रें संघाच्या चिटणिसांच्या ताब्यांत राहावींत, आणि कायदेशीर मागणीवांचून कोणासही देण्यांत येऊं नयेत. वणव्याच्या निमित्तानें घेतलेलें यंत्र एरव्हीं लोकांच्या अंगणांवरून व पाणवठ्यांवरून घिरट्या घालूं लागलें तर गांवकरी तें गोफणीनें पाडतील, आणि आम्ही त्यांस दोष देणार नाहीं.

आक्षेप दोन आहेत. पहिला असा कीं, जंगल सरकारचें, तेव्हां आग विझविणें हें वनखात्याचें काम. त्यांत संघानें पैसा कां घालावा? आम्ही म्हणतों, आग गट नंबर वाचून चालत नाहीं. जंगलांतली आग बागेंत येते आणि बांधावरची आग जंगलांत जाते. वनखात्याजवळ वारा फेंकून पाला दूर सारणारीं ब्लोअर यंत्रें आहेत, शिकलेलीं माणसें आहेत. परंतु त्यांच्या एकेका रक्षकाकडे जें क्षेत्र आहे तें पाहिलें असतां आपल्या डोंगरावर सर्वांत आधीं पोंचणार ते आपणच, हें उघड आहे.

दुसरा आक्षेप खर्चाचा. तो खरा आहे, म्हणूनच हें यंत्र एकट्यादुकट्यानें घेण्याचें नव्हे. एका डोंगरालगतच्या पांच-सात गांवांनीं मिळून एक घ्यावें, व वर्गणी बागेच्या एकरांवर आकारावी. महिला बचतगटांस फवारणीचे ड्रोन देण्याची केंद्र सरकारची नमो ड्रोन दीदी ही योजना नोव्हेंबर २०२३ मध्यें मंजूर झाली; १५,००० गटांस किंमतीच्या ८० टक्के, कमाल ८ लक्ष रुपयांपर्यंत साह्य देण्याचें तिच्यांत ठरलें होतें. त्या यंत्रांवर थर्मल कॅमेरा नसतो, त्यामुळें तीं जशींच्या तशीं आपल्या कामाचीं नाहींत. परंतु ज्या गांवीं एखादी भगिनी ड्रोन चालविण्याचें शिक्षण घेऊन आली आहे, तेथें चालकाचा शोध करावयास नको. तिला थर्मल कॅमेऱ्याचा लहान ड्रोन हातीं द्यावा व त्या कामाचा योग्य मेहनताना द्यावा. अवघड विद्या तिजजवळ आहे. यंत्र तर बाजारांत मिळतें.

नियमांचीही आठवण ठेवावी. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणें यंत्राची नोंदणी करावी लागते, ४०० फुटांपर्यंतची मोकळीक केवळ हिरव्या म्हणून दाखविलेल्या भागांतच आहे, आणि मोठ्या यंत्रांस परवानाधारक चालक लागतो. अभयारण्याच्या हद्दींत तर वनखात्याच्या संमतीवांचून ड्रोन नेऊंच नये. ही संमति आग लागल्यावर मागण्याची नसून मार्गशीर्षांतच लेखी घेऊन ठेवण्याची आहे. आणि एक नियम चालकाच्या मनावर कोरून ठेवावा: आकाशांत हेलिकॉप्टर किंवा विमान दिसतांच ड्रोन खालीं उतरवावा. लॉस एंजेलिसच्या त्याच वणव्यांत ९ जानेवारी २०२५ रोजीं एका खाजगी हौशी माणसाचा ड्रोन कॅनडाच्या क्वेबेक प्रांतांतून आणलेल्या सुपर स्कूपर विमानावर आदळला. विमान सुखरूप उतरलें, परंतु पंखास भोंक पडल्यानें आग भडकलेली असतांना तें कित्येक दिवस उडूं शकलें नाहीं. बघ्याच्या एका डोळ्यानें हजारों लिटर पाणी असें अडवून ठेवलें.

यंत्राच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. लहान ड्रोन अर्ध्या तासाच्या आसपास उडतो. म्हणून निदान चार बॅटऱ्या भरून तयार हव्यात. वणव्याबरोबर जो सोसाट्याचा वारा येतो त्यांत तो टिकत नाहीं. खोल दरींत गेल्यावर चालकाशीं त्याचा संबंध तुटूं शकतो. आणि वरून आग दिसली म्हणून ती विझत नाहीं. चालक चित्र पाहणार, परंतु त्याचें ऐकून माणसें हलविणारा एक म्होरक्या पाहिजे, त्याच्या हांकेसरशीं निघणारीं वीस माणसें पाहिजेत, त्यांच्या हातीं कोयते, फावडीं, पाण्याचे पंप आणि पायांत जाड जोडे पाहिजेत. तें नसतां नुसता ड्रोन उडविणें म्हणजे उंटावरून शेळ्या हांकणें होय.

तात्पर्य, आमचा क्रम असा आहे: प्रथम जाळरेषा, मग राब भाजण्याच्या दिवसांची शेजाऱ्यांस पूर्वसूचना, मग गांवोगांव वणवापथक, मग निसटलेल्या आगीविषयींचा ठराव, आणि शेवटीं ड्रोन. जीं गांवें पहिल्या चार गोष्टी ह्या सालीं पुऱ्या करतील त्यांस पांचवीसाठीं संघानें आपल्या निधींतून अर्धा वांटा द्यावा, असें आम्ही येत्या वार्षिक सभेपुढें मांडणार आहों. ज्या सभासदांस हें मान्य नसेल त्यांनीं सभेस येऊन विरोध अवश्य करावा. परंतु जे मान्य करतील त्यांनीं सभेहून परततांना कोयता धार लावून ठेवावा. कारण गवत वाळावयास आपल्या ठरावाची वाट पाहत नाहीं.